साहेबांचं अक्षर

“ताई, इथं काहीतरी लिहायचं राहिलंय तुमचं,” भावजय म्हणाली आणि बाबांच्या निरोपाच्या भाषणाचा सातवा कागद तिने खिडकीच्या उजेडात धरला.

ताई आरशासमोर केस विंचरत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही. कोणता कागद, कोणती जागा, हे तिला न बघताच ठाऊक होतं. पक्षाचे आभार झाले, मतदारांचे झाले, विरोधी बाकांवरच्यांचेही हसतखेळत झाले, गेलेल्या पत्नीच्या आठवणीची दोन वाक्यं झाली... आणि त्यानंतर चार ओळी मावतील एवढी कोरी जागा. त्याखाली निरोपाचा शेवटचा परिच्छेद.

“राहिलं नाही,” ती हळूच म्हणाली. “ठेवलंय.”

“कशासाठी?”

“बाबांना स्वतःचं काही म्हणावंसं वाटलं तर... असावी जागा.”

भावजय गप्प झाली. आणि ती गप्प होणं ही त्या घरात बातमीच होती. हिच्या तोंडाला कुलूप नाही असं सासरे कौतुकाने म्हणत आणि नवरा वैतागून म्हणे. पण मागल्या खोलीतली ती एक गोष्ट मात्र तिनेही लग्न होऊन आल्यापासून पोटात ठेवली होती, कुणापुढे ओठांवर येऊ दिली नव्हती.

“ताई, रागावू नका,” शेवटी ती म्हणाली, “पण आयुष्यभर त्यांनी तुम्ही भरलेलंच वाचलंय. कोरी जागा त्यांना वाचता येईल?”

ताईने कागद तिच्या हातून घेतला, बाकीच्या सहांच्या खाली सरळ करून ठेवला आणि वर टाचणी लावली.

बाबा आठ वेळा आमदार म्हणून निवडून आले होते. चाळीस वर्षं एकाच सभागृहात, त्यातली शेवटची बावीस एकाच बाकावर. मंत्री ते कधी झाले नाहीत, गाजले ते एकाच गोष्टीसाठी. मतदाराने पत्र पाठवलं की आठ दिवसांत उत्तर, आणि उत्तर स्वतःच्या हाताने लिहिलेलं! नळाला पाणी नाही, पेन्शन अडली, पुलाचा कठडा तुटला... काहीही लिहा, उजवीकडे झुकलेल्या, टपोऱ्या, वेलांटीला लांब शेपूट असलेल्या त्या अक्षरात दोन ओळी येणारच. काम होवो न होवो. ती पत्रं लोक जपून ठेवत, चौकट करून भिंतीवर लावत. साहेब सभागृहात कमी बोलतात, टपालाने जास्त बोलतात, अशी थट्टा विरोधकही करत, आणि त्या थट्टेत आदरच असे.

आणि त्या अक्षराला तीस वर्षं झाली होती साहेबांचा हात लागून!

तिसऱ्या निवडणुकीला अकरा आठवडे उरले असताना एका सकाळी बाबांच्या उजव्या हातातून पेन गळून पडलं. हात वर व्हायचा, माणसांना अभिवादन करायचा, पाण्याचा पेला उचलायचा. पण बोटांना पेन मात्र धरता येईना. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. ते काही आलं नाही. इकडे पत्रांचा ढीग साचू लागला, उत्तरं थांबली, आणि साहेब आजारी आहेत, साहेब संपले, अशी कुजबुज बाजारात सुरू झाली. तेव्हा आई रडत रडत लेकीपाशी आली होती. “तू नकाशावर गावांची नावं लिहितेस ना गं? कसलंही अक्षर हुबेहूब काढतेस. निवडणूक होईपर्यंत... तेवढंच.”

तेवढंच! त्या एका शब्दावर एक आयुष्य कसं टांगलं जातं, ते तेवीस वर्षांच्या पोरीला काय ठाऊक असणार. ती भूमापन कचेरीत होती. मोजणीदार मोजमापं आणत, नकाशे काढत, आणि त्या नकाशांवर नद्यांची, डोंगरांची, वस्त्यांची नावं लिहिण्याचं काम तिचं. नदीचं नाव पाण्यासारखं वळत जायचं, डोंगराचं रुंद पसरायचं, वस्तीचं मुंगीएवढं. ते अक्षर तिचं स्वतःचं होतं, आणि त्यावर तिचा जीव होता. तिने रजा टाकली, बाबांची जुनी पत्रं समोर मांडली आणि पाच आठवड्यांत त्यांचा हात आपल्या हातात आणला.

बाबांनी एकच अट घातली होती. “दुसरं अक्षर हातात ठेवू नकोस. ते कुठंतरी डोकावेल आणि आपला घात होईल.” म्हणून किराण्याची यादी, डब्यांवरच्या चिठ्ठ्या, शेजारणीला निरोप, सगळंच ती त्या झुकत्या, टपोऱ्या अक्षरात लिहू लागली. हात तिचा, अक्षर त्यांचं; शाई तिची, शब्द त्यांचे; दिवस तिचे आणि नाव त्यांचं... निवडणूक जिंकली. मग पुढची आली. रजा संपली, नोकरी गेली, आई गेली, आणि मागल्या खोलीतल्या टेबलापाशी ताईचे केस पांढरे होत गेले.

त्याच कचेरीत एक मोजणीदार होता. उंच, उन्हाने रापलेला, जमिनीकडे बघत चालायची सवय लागलेला. त्याची बदली दूर, दुसऱ्या टोकाला झाली होती. ती रजेवर असताना त्याने तिला लिहिलं होतं, “पंधरा दिवसांनी मी निघेन. हो की नाही, एवढंच कळवा. मात्र तुमच्या हाताचं असू द्या, घरच्यांच्या मार्फत नको.” तिने त्याच दुपारी, नळाच्या आणि पेन्शनच्या दोन उत्तरांच्या मध्ये बसून लिहिलं होतं, “हो. पण एक वर्ष थांबा.” पाकीट स्वतः जाऊन पेटीत टाकलं होतं. उत्तर आलं नाही. पंधरा दिवसांनी तो निघून गेला. एक वर्षसुद्धा थांबावंसं वाटलं नाही, एवढीच आपली किंमत... असं तिने मनाशी धरलं आणि ते शल्य घेऊन ती तीस वर्षं जगली.

आता तिला काहीच नको होतं. बाबा निवृत्त होत होते. एकदाच, फक्त एकदाच, कुणीतरी म्हणावं, की हा हात हिचा होता. तेवढ्यासाठी त्या चार ओळी.

* * *

प्रेक्षकांच्या सज्जात ताई आणि भावजय शेजारी बसल्या. खाली धाकटा, ताईचा भाऊ, पाहुण्यांच्या रांगेत कडक इस्त्रीत बसला होता. बाबांच्या जागेवर येत्या निवडणुकीत तोच उभा राहणार होता.

बाबा बोलायला उठले. आवाज थरथरत होता, पण चष्मा लावून ते नीट वाचत होते. विरोधकांच्या आभारांना सगळे हसले. मग त्यांनी सातवा कागद वर घेतला, आईच्या आठवणीची दोन वाक्यं वाचली, सभागृह शांत झालं... आणि ते थांबले.

ताईचे हात एकमेकांत गुंतले. भावजयीने नकळत तिच्या मनगटावर बोटं ठेवली.

बाबांनी कागद उलटून पाठीमागे पाहिलं. पुन्हा सुलटा केला. मग मान वर करून सज्जाकडे पाहिलं, डोळे बारीक करून, रांगांमागून रांगा शोधत. आणि त्या नजरेने ताईला गाठलं तेव्हा ती आपल्याही नकळत अर्धी उठली. आता! आता म्हणतील...

बाबांचे ओठ हलले. शब्द आले नाहीत.

साहेबांना भरून आलं, असं सभागृहाला वाटलं. कुणीतरी बाक वाजवला, मग दुसऱ्याने, मग सगळे सदस्य उभे राहिले आणि टाळ्यांचा पाऊस पडू लागला. बाबा गोंधळून आजूबाजूला पाहत राहिले आणि शेवटचा परिच्छेद न वाचताच खाली बसले.

घरी परतताना गाडीत पुढे धाकटा, मागे बाबा आणि ताई. बाबा दमले होते. बराच वेळ खिडकीबाहेर पाहून ते म्हणाले, “सातव्या कागदावर चार ओळी लिहायच्या राहून गेल्या होत्या तुझ्या.”

ताईने पदराची कड सरळ केली.

“तीस वर्षांत पहिल्यांदा चुकलीस.” त्यांनी तिच्या गुडघ्यावर थोपटलं. “असू दे. लोकांच्या लक्षात नाही आलं.”

“चुकलं माझं, बाबा,” ती म्हणाली.

“उलट बरंच झालं ताई,” धाकटा वळून हसला. “सगळे म्हणत होते, काय ते मौन! मुद्दाम केलं असतं तरी जमलं नसतं. आणि आता तूही सुटलीस बघ. हल्ली कोण हाताने लिहितंय? माझं सगळं फोनवर. दोन ओळी टाकल्या की संपलं.”

तो प्रेमानेच बोलला होता. सुटलीस... ताईने तो शब्द मनात उलटून पाहिला, सुलटा करून पाहिला. ज्यासाठी सगळं गेलं त्याची आता कुणाला गरजही उरली नव्हती.

* * *

त्या भाषणानंतर पत्रांचा लोंढा आला. शेवटची उत्तरं द्यायचीच, असा बाबांचा हट्ट. जेवणं झाली की ते आरामखुर्चीत पडत, ताई एकेक पत्र वाचून दाखवी आणि ते डोळे मिटून म्हणत, “आभार लिही,” किंवा “तब्येत विचार,” किंवा “हा लबाड आहे, पण गोड लिही.” तीस वर्षांची रीत होती ती. तिच्यात एक संथ सूर होता, जात्याच्या घरघरीसारखा, आणि त्या सुरात ताई स्वतःला विसरायला शिकली होती.

नवव्या दिवशी तिने एक पाकीट फोडलं आणि कोपऱ्यातला दिनांक पाहून तिचा हात थांबला. मुंगीएवढे, ताठ उभे आकडे. असे आकडे ज्याने उन्हात उभं राहून मोजमापांच्या वहीत लिहिले तो एकच माणूस तिने पाहिला होता.

“कुणाचं आहे?” बाबांनी डोळे मिटूनच विचारलं.

“एक... मोजणीदार आहेत. निवृत्त झालेले.”

“वाच.”

तिला दुसरं काही सुचलंच नाही. पत्र हातात आलं की वाचायचं, एवढंच अंगवळणी पडलेलं.

“‘सन्माननीय साहेब, निरोपाच्या भाषणात तुम्ही बोलता बोलता थांबलात, ते मी इथं टीव्हीवर पाहिलं. त्या थांबण्यानेच आज लिहायला बसलो. तीस वर्षांपूर्वी तुमच्या मुलीला मी तिच्या हातच्या दोन ओळी मागितल्या होत्या. उत्तर आलं, खाली सही तिच्या नावाची होती, पण अक्षर तुमचं होतं. त्याआधी बांधाच्या तक्रारीवर तुमचं उत्तर मला आलं होतं, त्यामुळे मी ते लगेच ओळखलं. तिच्या नावाने बापाने लिहावं आणि एक वर्ष थांबा म्हणून वाटेला लावावं, यावरून तुमच्या मनात काय आहे ते समजलो. तिला कळवायचा पुन्हा प्रयत्न केला नाही, ते पत्रही तुमच्याच हाती पडलं असतं. बरीच वर्षं राग होता. आता मी दोन मुलींचा बाप आहे, मोठीचं लग्न ठरतंय, आणि बापाची भीती काय असते ते कळतं. राग सोडला, हे सांगण्यासाठी लिहितो. ती सुखात असेल. तिला हे सांगू नका.’”

वाचणं संपलं तरी ताईची नजर कागदावरच राहिली. तो थांबायला तयार नव्हता म्हणून गेला नव्हता... तो गेला होता, कारण तिच्या हातचं पत्र तिच्या हातचं दिसत नव्हतं! तिने ते लिहिलं तेव्हा तिला वेगळं काही वाटलंच नव्हतं. किराण्याच्या यादीसारखं, डब्यावरच्या चिठ्ठीसारखं, तेव्हा हातात जे होतं त्यातच तिने आपलं काळीज लिहिलं होतं.

“लिही,” बाबा सवयीने म्हणाले, “आपला मोठेपणा आहे, मुलीच्या लग्नाला शुभेच्छा...” मग त्यांनी डोळे उघडले. “पण मी कधी लिहिलं याला?”

“तुम्ही नाही लिहिलंत, बाबा. मी लिहिलं होतं.”

“मग माझं अक्षर होतं असं का म्हणतो?”

ताई त्यांच्याकडे पाहत राहिली. बाबांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या उत्तरांच्या चळतीकडे, मग मांडीवर निपचित पडलेल्या आपल्या उजव्या हाताकडे. चेहऱ्यावरचं एकेक काहीतरी उतरत गेलं... आमदारपण, वय, समाधान. उरला तो नुसता एक म्हातारा बाप.

“त्यासाठी तू लग्न नाही केलंस?”

“नंतर आई आजारी पडली. मग धाकट्याचं शिक्षण. कशाकशासाठी ते आता कुठं आठवतंय.”

“मला वाटायचं तुझ्या मनातच नव्हतं.” ते पुटपुटले. “मी कधी विचारलंही नाही ना?”

“नाही.”

मग अगदी खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, “त्या चार ओळी... राहून गेल्या नव्हत्या ना गं?”

आणि इतके दिवस न फुटलेला बांध तिथं फुटला. ताईने तोंडावर पदर धरला. सभागृहात, गाडीत, आईच्या मृत्यूनंतरच्या त्या कोरड्या दिवसांतही न आलेलं रडू तिला आलं, आवाज न करता, खांदे गदगदत. बाबांनी डावा हात पुढे केला. तो तिच्या डोक्यापर्यंत पोचला नाही, तेव्हा तीच खाली बसली आणि तिने त्यांच्या मांडीवर डोकं टेकलं.

“त्याला लिही,” बाबा म्हणाले. “खरं काय ते लिहून टाक. तुझ्या अक्षरात लिही.”

“कोणत्या अक्षरात, बाबा?” तिने मान वर केली. “मला दुसरं येत नाही आता. आठवून पाहिलं. पाच-सहा वर्षांपूर्वी एकदा दार लावून बसले होते, नुसतं माझं नाव लिहायला. तुमचंच येतं.”

बाबांनी डोळे मिटून घेतले. मिटलेल्या पापण्यांखालून पाणी आलं.

“मग मला पेन दे,” ते म्हणाले.

* * *

डाव्या हाताने त्यांनी सभागृहाच्या हजेरीपटावर एक वेटोळं काढण्यापलीकडे काही लिहिलं नव्हतं. ताईने फळी मांडीवर ठेवली, कागद धरला. पहिला कागद फाटला, दुसऱ्यावर शाई सांडली. अक्षरं मोठी, वेडीवाकडी, एक छताला तर एक जमिनीला; नुकत्या शाळेत घातलेल्या पोराच्या पाटीसारखी. भावजय दोनदा दारात येऊन उभी राहिली आणि काही न बोलता चहा ठेवून गेली. उन्हाचा पट्टा टेबलावरून भिंतीवर गेला तेव्हा चार ओळी झाल्या होत्या.

“ते पत्र मुलीचंच होतं. माझा हात तेव्हापासून चालत नाही. सगळी पत्रं तिने लिहिली. दोष माझा आहे.”

खाली त्यांनी नाव लिहिलं. ताईने तो कागद दोन्ही हातांत घेतला. तीस वर्षं ज्याची वाट पाहिली ते हेच होतं. इतकं कुरूप आणि इतकं सुंदर तिने आयुष्यात काही पाहिलं नव्हतं.

धाकट्याला कळलं तेव्हा तो हादरला. “बाबा, मतदानाला पाच आठवडे राहिलेत. हे कुणाच्या हाती लागलं तर? ग्रंथालयात काचेच्या कपाटात तुमची पत्रं मांडलीत, ‘स्वहस्ते’ म्हणून पाटी लावलीय खाली. लोक मला तुमच्या नावावर मत देणार आहेत.”

“लोकांना नाही, एका माणसाला लिहिलंय,” बाबा म्हणाले.

“ताई, तू तरी सांग ना यांना.”

ताई खाली बघत राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिने भावाची बाजू घेतली नाही.

“आणा इकडे,” भावजय म्हणाली आणि तिने पाकीट ताईच्या हातून घेतलं. “मी टाकून येते पेटीत. आणि तुम्ही असं तोंड पाडून बसू नका,” हे नवऱ्याला, “पडलात निवडणुकीत तर घरी बसाल, आम्हांला भाजी निवडायला माणूस हवाच आहे.”

ती निघता निघता ताईच्या कानाशी आली. “फोनच का नाही करत त्यांना?”

“पत्रावर पत्ता आहे, नंबर नाही,” ताई म्हणाली. “आणि घरात बायको आहे, लग्नाची मुलगी आहे. फोनवर काय सांगू, मी कोण म्हणून? मला काही परत नकोय गं. त्याला नुसतं कळावं... मी लिहिलं होतं.”

* * *

वाट पाहायची नाही, असं ठरवूनही ताई वाट पाहू लागली. पोस्टमनची सायकल कोपऱ्यावर वळली की हातातलं काम हातात राही. नको म्हणताना मनात एक वेल उगवते, पाणी न घालता वाढते, आणि दिवसाला एक पान काढते... तसं झालं तिचं. त्याच दिवसांत बाबांनी अंथरूण धरलं. दुसरा झटका सौम्य आहे असं डॉक्टर म्हणाले, पण आता डावा हातही जड झाला होता आणि बोलणं तुटक. रोज ते एकच विचारत, “आलं?”

“येईल, बाबा.”

बाराव्या दिवशी आलं. पाकीट जाड होतं. ताई ते घेऊन मागल्या खोलीत गेली, टेबलापाशी बसली आणि तिने कात्रीने ते फोडलं. आतून आधी बाबांचाच कागद निघाला, त्या वेड्यावाकड्या चार ओळींचा. त्याला टाचून मोजणीदाराचं पत्र होतं.

“सन्माननीय साहेब, सोबतचा कागद तुमच्या नावाने मला आला. तो परत पाठवतो आहे. तुमचं अक्षर मी ओळखतो, आणि हे तुमचं नाही, हे मी शपथेवर सांगेन. चिरंजीव निवडणुकीला उभे आहेत, तेव्हा तुमची बदनामी करण्यासाठी कुणीतरी हे रचलेलं दिसतं. माझं मागचं पत्र त्या माणसाच्या हाती कसं लागलं, याचा शोध घ्यावा. तुमच्या मुलीचं नाव यात ओढलं, याचं वाईट वाटलं. मी हे कुणालाही दाखवलेलं नाही. जपून राहा.”

ताईने ते एकदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचायची गरज नव्हती. किती सज्जन माणूस, किती सांभाळून लिहिलेलं... आणि किती पक्कं बंद झालेलं दार! बापाने जन्मात एकदा खरं लिहिलं, स्वतःच्या हाताने लिहिलं, आणि तेच जगाला खोटं वाटलं. आता तिने लिहिलं तर ते साहेबांचं ठरणार, साहेबांनी लिहिलं तर ते कुणाचंच नाही. खरं सांगायला या घरात एकही हात उरला नव्हता.

“आलं?” शेजारच्या खोलीतून बाबांचा आवाज आला.

ती उठली. मोजणीदाराचं पत्र तेवढं हातात घेऊन त्यांच्या उशाशी बसली. बाबांचे डोळे तिच्या चेहऱ्यावर खिळले होते. त्या डोळ्यांत जी आस होती ती तिने चाळीस वर्षांत कुठल्याही मतमोजणीच्या दिवशी पाहिली नव्हती.

“वाच,” ते म्हणाले.

ताईने कागद समोर धरला आणि वाचायला सुरुवात केली. “‘सन्माननीय साहेब, तुमचं पत्र पोचलं. ते तुम्ही लिहिलंत, हे पाहताच कळलं.’”

“कळलं त्याला?”

“हो, बाबा. ‘इतक्या वर्षांनी तुम्ही हे सांगितलंत, तुमचे उपकार कसे मानू? ते पत्र तिचंच होतं, हे आता मला ठाऊक आहे. तिला सांगा, की मला कळलं.’”

वाचताना तिचा आवाज कुठंही अडखळला नाही. दुसऱ्यांचे शब्द लिहिण्यात आयुष्य गेलं होतं. समोरच्या कागदावर नसलेले चार शब्द वाचणं तिला काय अवघड! पण ते वाक्य उच्चारताना, तिला सांगा की मला कळलं... तिलाही क्षणभर वाटलं, खरंच कुणीतरी म्हटलं.

बाबांचा श्वास हळूहळू सैल झाला. “सुटलो,” ते म्हणाले. “तुझं... देणं होतं.”

“फिटलं, बाबा.”

“उत्तर लिही त्याला. आठ दिवसांत.”

“आजच लिहिते.”

ते झोपी गेले. दारात भावजय उभी होती; तिच्या हातात मागल्या खोलीतला तो परत आलेला कागद होता, आणि तिने सगळं ऐकलं होतं. तिचे डोळे भरले होते.

“ताई, काय लिहिणार आहात आता?”

“जे लिहायला हवं ते.”

“नका ना. निदान आता तरी नका.”

“तो म्हणतो त्यात त्याची काय चूक आहे?” ताई म्हणाली. “आणि शोध घ्या म्हणतो. उत्तर गेलं नाही तर काळजीने तो स्वतः येईल इथं. यांना या स्थितीत बघेल, विचारेल. मग बाबांना कळेल, की त्यांचं कुणी खरं मानलं नाही. ते नको.”

ती टेबलापाशी बसली. भावजयीने तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो काढला नाही. ताईने नवा कागद घेतला, पेनाचं टोपण काढलं, आणि उजवीकडे झुकलेल्या, टपोऱ्या, वेलांटीला लांब शेपूट असलेल्या त्या अक्षरात, एकही खाडाखोड न करता, लिहिलं, “आपले पत्र पोचले. वेळीच सावध केलेत, आभारी आहे. तो कागद माझा नव्हता. मुलगी सुखात आहे.”